सासूच्या गंजातला ऑस्कर

मासा मेला होता. टाकीच्या तळाले, एका कुशीवर आडवा. एक डोळा वरते, तोंड उघडं, अन् अंगावरचे नारंगी डाग असे काळे पडले होते का जसी कोणी राख फासली. मी काचेवर टकटक केली. नाही हालला. दोन्ही हातानं टकटक केली. नाही हालला. पोरगी मांगं उभी, चार वर्षाची, हातात बिस्कीट. म्हणते, "मम्मी, मासा झोपला." मी म्हटलं, "हो बेटा, झोपला," अन् मी पलंगावर बसली, उठली, पुन्हा बसली. घड्याळात पाहिलं तं सवाचार. पाच वाजता रोवण्याची, म्हणजे धान लावणाऱ्या बायायची, ट्रॉली येते. ट्रॉलीत सासू येते. अन् सासूनं मागच्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "या घरात अजून एक मासा मेला का मी हे काचेचं डबडं भंगारवाल्याले देईन. तुह्या नवऱ्याले सांग का नको सांगू."

माझ्याजोळ पाऊण तास होता.

आता टाकीचं सांगून देते, नाही तं तुम्ही म्हणान, एका माशासाठी एवढा काय जीव चालला या बाईचा. आमचं घर लाखनीले, मोठ्या रस्त्यापासून आत, जिथं दुकानं संपतात अन् बांध्या लागतात. बांध्या म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे. पोरीचे पप्पा राईस मिलचा ट्रक चालवतात, रायपूर, हैदराबाद, आठ दिवसातले दोन दिवस घरी. बाकीचे सहा दिवस मी, पोरगी अन् सासू. सासू बोलते कमी. सकाळी म्हणते, "निघते मी." संध्याकाळी म्हणते, "भात झाला का?" मी म्हणते, "झाला." झालं आमचं बोलणं. लग्न झालं तवा मी नववीतून शाळा सोडलेली पोरगी, मले तिचं एवढं भेव लागे का ती खोकलली तरी मी उभी राहो.

तं नागपूरले कोणाचं तरी हॉटेल बंद झालं, तिथली चार फुटाची काचेची टाकी यायले, पोरीच्या पप्पाले, कोणी तरी देऊन टाकली. हे ती तांदळाच्या पोत्यांवर, गोधडीत गुंडाळून घेऊन आले, जसी दुसरी बायको आणली. सोबत एक मासा. बोटाएवढा. म्हणाले, "ऑस्कर नाव हाय याचं. मोठा होते." बस, एवढंच सांगतलं अन् झोपी गेले.

मोठा होते! बाप्पा! सहा महिन्यात वीतभर झाला. अन् मासा काय, कुत्रं होतं ते. मी चहा घेऊन आली का काचेपाशी येऊन उभा. पोरगी रडली का तिच्याकडं पाहून तोंड उघडबंद. टाकीत खाली दगडं होते, एक फुटका माठ होता, एक लाकडाचा बुंधा होता. ते सारं तो रोज आपल्या मनानं सरकवे. प्लास्टिकचं झाड लावलं तं उपडून फेकलं. पुन्हा लावलं, पुन्हा फेकलं. गल्लीतल्या बाया पाहाले येत. अन् येऊन कोणाले विचारत? मले! "काय खाते वो हा? पाणी कवा बदलवते? चावते का?" अन् मी सांगो. या घरात पहिल्यांदा असं काही होतं जे मले समजे अन् बाकीच्यायले नाही समजे. मोटार कवा बंद करायची, तिसरा हिस्सा पाणीच काहून बदलवायचं, विहिरीचं पाणी एक रात्र काहून ठेवायचं. मी मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ पाहो. वाचता मले येते पण हळू येते, व्हिडिओ बरा.

पण तो एकटा होता. मले वाटे, एवढ्या मोठ्या घरात एकटं कसं गमत असंन. मले तरी कुठं गमत होतं. मंग एका दुकानातून दोन गोल्डफिश आणले, लाल लाल, गुबगुबीत. दुकानदार म्हणाला, "ताई, लहानपणापासून सोबत ठेवा, भावासारखे राहतात." भावासारखेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अर्धा होता. अर्धा म्हणजे शेपटीकडला. अन् तो पहिल्यांदा दिसला कोणाले? सासूले. नहाणीतून आली, हात जोडून देवाले पाया पडाले गेली, अन् बाजूले टाकीत ते तरंगून राहिलं. दुसरा गोल्डफिश त्याच संध्याकाळी गेला, तो तं पुराच गेला, काहीच नाही उरलं, ढेकर तेवढा आला नाही ऑस्करले.

सासू म्हणाली, "लेकराच्या घरात दर चार दिवसाले मढं नाही पाहिजे."

मी हिंमत केली, म्हटलं, "आई, पण आपण मासे खातो नं."

"खातो ते वेगळं. पोसलेलं मरते ते वेगळं. पोसलेलं मेलं का त्याचं सुतक जीवाले लागते." अन् मंग ते भंगारवाल्याचं बोलली. अन् ती बोलली म्हणजे बोलली. एकदा म्हणाली होती का आता या घरात टीव्ही नाही लागणार, अन् तो टीव्ही आता कणगीमांगं हाय, त्याच्यावर कोंबडी बसते.

म्हणून मंग मी अभ्यास केला. खरा अभ्यास, शाळेत नाही केला तेवढा. भाजी चिरता चिरता व्हिडिओ, पोरीले झोपवता झोपवता व्हिडिओ. त्यातला एक माणूस फार चांगला सांगे. म्हणे, हा मासा वाईट नाही, फक्त याले दोनच गोष्टी समजतात: तोंडात मावते का, अन् माह्या जागेत आलं का. तोंडात मावते ते खाणार. जागेत आलं ते मारणार. म्हणून सोबती असा पाहा जो तोंडात मावत नाही, जो जलद पळते, जो तळाच्या दगडायवर हक्क सांगत नाही, वरच्यावर फिरते. अन् एकटा नाही, चारपाच, म्हणजे कोणा एकावर राग निघत नाही. सिल्व्हर डॉलर नावाचा मासा. चपटा, गोल, पूजेच्या ताटलीसारखा चमकते. मी यायले फोनवर सांगतलं, "नागपूरवरून येताना पाच आणा. तळहाताएवढे पाहिजेत, लहान नको." हे म्हणाले, "तू केव्हापासून एवढी हुशार झाली?" मी फोन ठेवून दिला अन् पंधरा मिनिटं एकटीच हसली.

रविवारी पाच डॉलर आले. पिशवी तशीच पाण्यावर ठेवली, मंग हळूच सोडले. अन् ऑस्करनं काय केलं? धाड! धाड! सारे एका कोपऱ्यात. एकाचा पर फाटला. तोंडात मावत नाहीत हे तं बरोबर होतं, पण जागेत आले होते नं. सोमवारी पहाटे हे ट्रक घेऊन निघाले, सासू रोवण्याले गेली, अन् मी पुन्हा त्या माणसाचा व्हिडिओ काढला. तो म्हणे, नवे मासे टाकले का टाकीतलं सारं सामान हलवा. दगडं इकडचे तिकडं, माठ तिकडचा इकडं. म्हणजे जुन्याले वाटते का हे घर माझं नाही, अन् नव्याले तं वाटतेच का माझं नाही. मंग कोणीच मालक नाही. मले ते एवढं पटलं! एवढं पटलं का मी साडी खोचून दोन्ही हात खांद्यापर्यंत टाकीत घातले. माठ उलटा केला. बुंधा या टोकाचा त्या टोकाले. दगडायचा ढीग पार मोडला. पाणीबी बदलवलं. दोन तास लागले. वर पाहिलं तं डॉलर पाचही मजेत फिरून राहिले.

अन् ऑस्कर आडवा.

तं सवाचार वाजता मी अशी उभी, अन् डोस्क्यात एकच गोष्ट: भंगारवाला. यायले फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. ती बाई सांगे का संपर्कक्षेत्राबाहेर. मी तिलेच म्हटलं, "अवं बाई, मासा मेला!" खरंच म्हटलं. मंग डोस्कं चाललं. आता हे ऐकून हसा नका, का हसा, मले काही नाही. मी ठरवलं का मढं लपवायचं. मासा घरामांगच्या बांधीत, बांधाच्या चिखलात गाडायचा, अन् सासूले सांगायचं का पोरीचे पप्पा घेऊन गेले, दुकानात परत द्याले. मेलाच नाही तं टाकी कायले जाईन?

काचेचं झाकण काढलं, भिंतीले टेकवलं. भाजीची टोपली घेतली, सासूची, नवी. खाली घातली, उचलली. माय वो, काय वजन! थंडगार, गुळगुळीत, पदरात घेतलेल्या ओल्या लेकरासारखा. पोरगी म्हणते, "मासा कुठं चालला?" मी म्हणते, "शाळेत." ती बिस्कीट खात मांगं मांगं. मी मांगच्या दारातून आंगणात उतरली, चार पावलं टाकली, अन् मढ्यानं माह्या थोबाडीत मारली.

शेपटीनं! फाट! अशी का डोळ्यापुढं चांदण्या. मी जी चिल्लावली! टोपली तिकडं, मासा इकडं, चिखलात, फटफट फटफट, अन् पोरगी टाळ्या पिटून राहिली, "उठला! उठला! शाळा नाही पाहिजे त्याले!" मी हसून राहिली होती का रडून राहिली होती मलेच समजत नव्हतं. हातानं धरलं, निसटला. पदरानं धरलं, निसटला. तिसऱ्यांदा असा कवटाळला का ब्लाउज पुरा चिखल, अन् धावली. टाकी घरात दूर. आंगणात चुलीवर सासूचा गंज. मोठा जर्मनचा गंज, रोवण्यावरून आली का तिच्या आंघोळीचं पाणी त्यातच तापते. पाणी भरून ठेवलेलं, चूल अजून पेटायची होती. टाकला त्यात.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यायले कोणाचा आवाज आला का त्या येतातच, अन् मी तं अशी चिल्लावली होती का साकोलीपर्यंत गेलं असंन.

"काय झालं वो? साप निघाला का?"

"नाही काकू. काही नाही."

"काही नाही तं चिखलानं काहून भरली? अन् सासूच्या यायची वेळ झाली, अजून चूल नाही पेटवली? सरक, मी पेटवते." अन् खाली वाकून माचीस काढली.

"नको काकू!"

"अवं नको काय? बुढी दिवसभर पाण्यात वाकून येईन, कंबर धरून..." अन् झाली नं काडी ओढून. मी फुंकून विझवली. त्यायनं दुसरी ओढली. मी तीबी फुंकली. काकू माह्या तोंडाकडं पाहून राहिल्या. मंग गंजाकडं पाहिलं. मंग आत पाहिलं.

"बाप्पा! एवढा मोठा!" त्यायचा चेहरा असा उजळला का काय सांगू. "रस्सा का? अन् सांगत नाही होती! मी जवस भाजून आणते, जवसाचं वाटण टाक त्याच्यात."

"काकू, तो खायचा नाही. तो टाकीतला हाय."

"टाकीतला हाय तं गंजात काहून हाय?"

याचं उत्तर मी देणार तेवढ्यात रस्त्यावर ट्रॉली थांबली. बायायचं हसणं आलं, कोणी तरी ओरडलं, "उद्या सहाले!" अन् सासू दारातून आंगणात. पोटऱ्यापर्यंत चिखल, डोस्क्यावर मेणकापडाची खोळ, हातात डबा. पहिलं तिनं चुलीकडं पाहिलं. मंग माह्याकडं. मंग काकूकडं.

"पाणी तापलं का?"

काकूनं माचीस पदराखाली लपवली. पोरगी बोलली. "आजी, तुह्या पाण्यात मासा हाय."

सासू आली, वाकली. अन् त्या मेल्या माशानं पुन्हा तेच केलं. गंजाच्या तळाले आडवा. एका कुशीवर. डोळा वरते.

"मेला का?"

"नाही आई. म्हणजे मेला होता. आता नाही. म्हणजे मी समजली होती का..." अन् मले रडू आलं, अन् रडता रडता सारं सांगून टाकलं. डॉलर, व्हिडिओ, माठ उलटा केला ते, दगडं, चिखलात गाडायले निघाली होती तेबी. तुमची टोपली घेतली तेबी. खोटं बोलणार होती तेबी. काकू तोंडाले पदर लावून, हसून राहिल्या का ऐकून राहिल्या देव जाणे.

सासूनं सारं ऐकलं. हातावरचा चिखल लुगड्याले पुसला, हात गंजात घातला, अन् माशाच्या गालापाशी दोन बोटं धरली. थांबली. आमच्या गाईले ताप आला का जसी कानापाशी हात धरते तशी.

"कल्ला चालून राहिला," ती म्हणाली. "मेला कुठं? हा रोवला हाय."

"काय केला?"

"रोवला. तू त्याचं घर उपडलं नं सारं? मंग? आज सकाळी आम्ही धानाचे पऱ्हे उपडले, दुपारी बांधीत लावले. उद्या जाऊन पाहा. सारे आडवे. पिवळे. नव्या माणसाले वाटंन का मेलं धान. चार दिवस ते असंच पडून रायते. त्याले राग येते का मले जागेवरून काहून हलवलं. मंग मूळ धरते अन् उभं होते. त्या चार दिवसात कोणी हात लावला, सरळ कराले गेलं, तं मरते."

काकू म्हणाल्या, "बरोबर हाय. तुह्या सुनेनं लग्नाच्या नवतीत सैपाकघरातले डबे हलवले होते, तवा तूबी अशीच आडवी पडली होती. दोन दिवस जेवली नाही."

"मीठ कुठं ठेवलं तेच सापडे नाही, कशी जेवू?"

"मंग उठली नं?"

"तू जाय घरी, तुह्या घरी भात करपून राहिला."

"माह्या घरी आज रस्सा होणार होता," काकू म्हणाल्या अन् गेल्या, पण दारातून दोनदा वळून पाहिलं गंजाकडं.

मले सासूचं ते आडवं पडणं आठवलं. तवा मले वाटलं होतं का तिचं माह्यावर वाकडं हाय. मी हातभर दूर राहून तिले विचारो, "आई, जेवता का?" अन् ती भिंतीकडं तोंड करून. मले काय मालूम का डबेच जागेवर नव्हते.

गंज आम्ही दोघीनं मिळून उचलला, या कानानं ती, त्या कानानं मी. ती म्हणे, "हळू. पऱ्ह्याची जुडी फेकत नाहीत, ठेवतात." टाकीत हळूच वाकडा केला, मासा सरकत खाली गेला अन् पुन्हा आपला आडवा. बाजूले डॉलर चमकले. सासूनं तिचं एक जुनं लुगडं काढलं, टाकीच्या अर्ध्या भागावर टाकलं. "ऊन नको त्याले." ऊन कुठलं, आठ दिवसापासून आभाळ होतं, पण मी लुगड्याचं टोक नीट केलं. मंग ती थंड्याच पाण्यानं आंघोळ करून आली. बसली. अन् म्हणाली, "माह्यं बोलणं तेच हाय. अजून एक मेला का टाकी जाईन. पण हा मेला नाही, तं हा गिनतीत नाही."

ते चार दिवस काय होते! मी रात्रंदिवस त्या लुगड्याखालून डोकावो. हात लावाची मनाई. पोरीले मनाई. काकूले तं घरात यायचीच मनाई. पहिल्या दिवशी आडवाच. मी त्या व्हिडिओवाल्याचे जुने व्हिडिओ शोधले तं एका ठिकाणी तो हसून सांगे का ऑस्कर रुसते, जागा बदलवली का मेल्यासारखा पडून रायते, नव्या माणसायनं घाबरू नये. आधी सांगाले काय झालं होतं याले! संध्याकाळी सासू ट्रॉलीतून उतरली, अन् दारातूनच म्हणाली, "उठला का?" भाताचं नाही विचारलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा भाताचं नाही विचारलं. मी म्हटलं, "नाही आई." म्हणाली, "बांधीतबी नाही उठलं अजून."

दुसऱ्या दिवशी तो थोडा तिरपा झाला, डोस्कं खाली, शेपूट वरते. डॉलर त्याच्यावरून फिरत, काही नाही करे. संध्याकाळी सासू म्हणाली, "उठला का?" मी म्हटलं, "कोपरावर टेकला." ती हसली. दात दिसले. मी पोरीले कोपर मारलं का पाहा, आजी हसली. ट्रॉलीतल्या बायायलेबी तिनं सांगतलं असंन, कारण का तिसऱ्या दिवशी ट्रॉली थांबली तं वरतून चारपाच आवाज आले, "काय वो, उठला का तुमचा पावणा?"

चवथ्या दिवशी सकाळी मी लुगडं सरकवलं तं तो काचेपाशी उभा. नारंगी डाग जागेवर. मले पाहून तोंड उघडबंद. मी दाणे टाकले, खाल्ले. डॉलर एक जवळून गेला, फाटक्या परवालाच, ऑस्करनं नुसतं पाहिलं अन् आपल्या बुंध्याकडं गेला. नवा माठ, नवी जागा, मालक कोणीच नाही. मी एवढी नाचली का पोरगी उठली, मंग आम्ही दोघी नाचलो. सासू डबा बांधून राहिली होती, ती आली, टाकीपुढं बसली. म्हणाली, "पाहा, मूळ धरलं." ट्रॉलीनं दोनदा हॉर्न दिला तरी उठे नाही.

आता जे झालं ते पोरीच्या पप्पालेबी मालूम नाही.

त्याच दिवशी दुपारी मी झाडून राहिली होती. टाकीच्या मेजामांगं मुंगळ्यायची रांग. मी झाडू घातला, काही तरी अडकलं, ओढलं. वाळलेलं, चपटं, गोल, पळसाच्या पानासारखं. मी पाहत राहिली. मंग टाकीत पाहिलं. ते फिरत रायतात, मोजता येत नाहीत. मी काचेवर बोट ठेवून मोजले. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजले. चार. अन् मले ते झाकण आठवलं. मी ऑस्करले टोपलीत घेऊन आंगणात पळाली होती, अन् झाकण भिंतीलेच. गडबडीत तो उडाला असंन. ऑस्करनं नाही मारला. मी मारला. ज्यानं कोणाचं काही नाही केलं तो, माह्या घाबरण्यानं.

पोरगी झोपलेली. मी त्याले परसात दोडक्याच्या वेलाखाली गाडलं. हात धुतले. भात टाकला. पाच वाजले.

सासू आली, आंघोळ केली, अन् खाट ओढून पुन्हा टाकीपुढं बसली, पोरगी मांडीवर. पोरगी दाखवून राहिली, "आजी, हा डॉलर, हा डॉलर." सासू पाहत राहिली. बराच वेळ. मंग मले आवाज दिला.

"अवं, हे पाच होते नं? मले चारच दिसून राहिले. का फिरतात म्हणून मोजता येत नाहीत?"

मी पातेलं हातात घेऊन दारात उभी. चुलीचा धूर, मांडीवर माही पोरगी, अन् सासू, जी या घरात आजच पहिल्यांदा कायच्या तरी पुढं नुसती बसली होती. मले मालूम होतं का मी खरं सांगतलं तं ती उठंन, अन् उद्या सकाळी भंगारवाल्याले फोन करंन. आपल्या मनाविरुद्ध करंन, पण करंन. ती बोलली म्हणजे बोलली.

मी म्हटलं, "फिरतात म्हणून आई. पाचच हायत."

तिनं एक बोट काचेवर ठेवलं, हळूहळू सरकवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंग बोट काढून घेतलं अन् म्हणाली, "असतीन. पाचच असतीन."

तिनं मोजले होते का? मले आजपर्यंत विचाराची हिंमत नाही झाली. टाकी हाय अजून, चार डॉलर हायत, ऑस्कर आता हातभर झाला. अन् मी हे लिहून राहिली, सासूले वाचता येत नाही पण काकूले येते, अन् काकू वाचून दाखवल्याशिवाय रायणार नाहीत, हे मले मालूम हाय. पण तुम्ही सांगा, खरं खरं सांगा. हातात गरम पातेलं, पुढं असी बसलेली सासू, अन् ती विचारते का पाच होते नं? तुम्ही काय म्हटलं असतं?